भिंतीला लागणारा लोणा

दसरा पार पडला की आपल्या भागात घरोघरी रंगसफेदीची लगबग सुरू होते. ऐपतीप्रमाणे कोणी चुना आणतो, कोणी डिस्टेंपर, तर कोणी ऑईलपेंट. दिवाळीत भिंती आरशासारख्या चकाकतात. पण पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा रंग फुगू लागतो, पोपडे सुटतात आणि बोट लावले की पिठासारखी पांढरी भुकटी हाताला येते. घरमालक रंगाच्या डब्याला दोष देतो, रंगारी गवंड्याला आणि गवंडी विटांना. पुढच्या वर्षी आणखी महागडा रंग लागतो आणि तोही तसाच गळून पडतो. कापसाला भाव मिळो न मिळो, हा खर्च मात्र चुकत नाही. या साऱ्या प्रकाराचे मूळ रंगाच्या डब्यात नसून पायाखालच्या जमिनीत आहे. ते नीट समजून घेतले तर पैसाही वाचेल आणि घरेही वाचतील, या हेतूने हा लेखप्रपंच.

आपले लोक या रोगाला 'लोणा लागणे' असे म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. संस्कृत 'लवण' शब्दापासून मराठीत 'लोण' आला आणि त्याचे कुटुंब चांगलेच विस्तारले. मिठात मुरवलेले ते लोणचे, मिठावाचूनचे ते अलोणी, आणि पूर्वी मीठ, चुना व कोळसा तयार करण्याचा व्यवसाय करणारे ते लोणारी. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या सरोवराचे गाव म्हणजे लोणार. लवणासुराच्या कथेशी ते नाव जोडले जाते. भिंतीवर फुलणारी ती पांढरी भुकटी म्हणजे एक प्रकारचे मीठच आहे, हे आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडताही ठाऊक होते.

समुद्र नसताना मीठ कोठून आले?

समुद्रकाठच्या घरांना खाऱ्या हवेचा त्रास होतो, हे सर्वांना माहीत असते. पण शेगावपासून समुद्र चारशे किलोमीटरांच्या आसपास. मग येथे मीठ आले कोठून? त्याचे उत्तर पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. सातपुड्याच्या गाविलगड टेकड्यांच्या परिसरात उगम पावून ही नदी पश्चिमेकडे वाहते आणि चांगदेव येथे तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत जो पट्टा पसरला आहे, तोच आपला खारपाणपट्टा. त्याचे क्षेत्र सुमारे पावणेपाच लाख हेक्टर इतके भरते. आपल्या जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील बरीच गावे त्यात मोडतात.

या पट्ट्यात नदीने आणलेल्या गाळाचे खोल थर आहेत. वरची काळी माती चिकट, पाणी धरून ठेवणारी. तिच्यातून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. पाऊस वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाणी वाफ होऊन उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. असे हजारो वर्षे चालले म्हणजे माती आणि भूजल दोन्ही खारट होणार, हे ओघानेच आले. एके काळी या खोऱ्यातील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठही काढीत असत. गोड्या पाण्याचे मोल या भागाने फार जवळून ओळखले आहे. श्री गजानन महाराजांनी अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी आणल्याची कथा संतकवी दासगणूंनी 'श्रीगजाननविजय' ग्रंथात सांगितली आहे. ती येथल्या माणसाच्या मनाला इतकी का भिडते, हे खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पुढे वान धरणाच्या पाण्यावरील नळयोजनांमुळे अनेक गावांची पिण्याच्या पाण्याची अडचण कमी झाली. परंतु घर बांधताना गारा कालवण्यासाठी आणि बांधकामावर मारण्यासाठी बहुधा जवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणीच कामी येते. माणसाने जे पाणी पिणे सोडले, ते भिंत अजून पितेच आहे.

मीठ भिंतीत कसे चढते?

दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी वीट पाणी वर ओढते. विटेत, मातीत आणि गिलाव्यात केसाहून बारीक अशी असंख्य छिद्रे असतात. पाया ओल्या जमिनीत असला की त्या छिद्रांवाटे ओल वर चढू लागते. यालाच शास्त्रात केशाकर्षण म्हणतात. ओल एका मर्यादेपर्यंत, साधारण तीन फुटांच्या मागेपुढे चढते. कारण तेथवर येईतो भिंतीच्या पृष्ठभागावरून तितकेच पाणी वाफ होऊन जात असते. पाणी गेले तरी क्षार जागच्या जागी राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात.

हे स्फटिक भिंतीच्या अगदी बाहेरच्या अंगाला तयार झाले तर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते. ते दिसायला वाईट, पण झाडून टाकता येते. खरा धोका आहे तो स्फटिक गिलाव्याच्या आत तयार होण्यात. बंद छिद्रात वाढणारा स्फटिक पाचरीसारखे काम करतो आणि भोवतालचा थर फोडतो. त्यातही सोडियम सल्फेट हा क्षार विशेष उपद्रवी. कोरडा असताना त्याचा कण लहान असतो. ओल मिळताच तो पाण्याचे दहा रेणू स्वतःत सामावून घेतो आणि त्याचे आकारमान तिपटीहून अधिक होते. ओल आणि उन्हे आलटून पालटून येत राहिली की हा दाब पुन्हा पुन्हा पडतो. पक्की भाजलेली वीटही अशा माऱ्यापुढे अखेर भुगा होते.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. कित्येक घरांत छत गळत नाही, नळ फुटलेला नसतो, तरी श्रावणात भिंत ओली दिसते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतलेच पाणी शोषून घेऊ लागते. स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ पावसाळ्यात पाझरते, तेच भिंतीतले मीठ करते. म्हणून एकदा भिंतीत मुरलेले मीठ हे नव्या ओलीला दिलेले कायमचे आवतण ठरते.

कोकण आणि वऱ्हाड

समुद्रकाठी हे संकट वरून येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतात आणि भिंती, गज, दारे-खिडक्या यांवर बसतात. कोकणात उतरती छपरे, पुढे आलेल्या पागोळ्या, जांभ्या दगडाच्या भिंती आणि पावसाळा संपताच नव्याने दिलेला चुन्याचा हात, ही सारी त्या हवेशी जुळवून घेण्याची रीत होती. मुंबईसारख्या शहरात काँक्रीट आले आणि निराळाच प्रश्न उभा राहिला. काँक्रीटमधल्या लोखंडी सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा असतो. मिठातले क्लोराइड तो फोडते, सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापून वरचे काँक्रीट उडवून लावतो. म्हणूनच भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने समुद्रकाठच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटमध्ये सळईवर किमान ४५ मिलिमीटर जाडीचे आवरण सांगितले आहे. सौम्य हवामानात ते २० मिलिमीटर चालते.

आपल्याकडे तेच मीठ खालून येते. फरक एवढाच की कोकणची हवा वर्षातील बराच काळ दमट असते, त्यामुळे मीठ पुष्कळदा विरघळलेल्या स्थितीत राहते. आपला उन्हाळा मात्र भट्टीसारखा. पाणी झपाट्याने उडते आणि स्फटिक आतल्या आतच बनतात. त्यामुळे रंग उडण्याच्या बाबतीत वऱ्हाडातली भिंत कोकणातल्या भिंतीपेक्षा सुखी आहे असे समजण्याचे कारण नाही.

मोहेंजोदडो आणि आजीचा पोतारा

मिठाचा हा मारा किती भयंकर असू शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण सिंधमध्ये आहे. मोहेंजोदडोचे उत्खनन १९२२ साली सुरू झाले. चार हजारांहून अधिक वर्षे मातीखाली टिकलेल्या तिथल्या भाजक्या विटा उघड्यावर येताच काही दशकांत झिजू लागल्या. जमिनीखालचे खारे पाणी भिंतीत चढत होते आणि आता उघड्या पृष्ठभागावरून ते वाफ होऊन जात होते. १९७४ साली युनेस्कोने ते नगर वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम हाती घेतली. भूजलाची पातळी खाली आणणे, यांसारखे मोठे उपाय योजले गेले. त्याबरोबरच एक अगदी साधा उपायही वापरात आला. गोड्या मातीचा पातळ लेप विटांवर द्यायचा. पाणी त्या लेपातून बाहेर पडते, मीठ लेपात साचते, लेप खराब झाला की काढून टाकून नवा द्यायचा. लेप मरतो, वीट जगते.

हे वाचताना आपल्याकडच्या पोताऱ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पांढऱ्या मातीचा पोतारा भिंतीला द्यायचा, शेणामातीने खालचा भाग सारवायचा, सणावाराला पुन्हा तेच करायचे, ही घराघरांतल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची कामे. त्यात स्वच्छता आणि मांगल्य होतेच. पण दर वेळी जुना, मिठाने भरलेला थर निघून नवा थर चढत होता, हा त्यातला मोठा लाभ. ज्या कामाला आपण अडाण्याची रीत म्हणून मागे टाकले, तेच जगातल्या एका थोर वास्तूसाठी उपाय म्हणून स्वीकारले गेले, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

याच जाणतेपणाचा दुसरा नमुना म्हणजे आपली धाब्याची घरे. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काड्या अंथरून त्यावर मातीचा जाड थर दिलेला असतो आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती पसरतात. सोडियमयुक्त चिकणमातीचे कण पाणी लागताच सुटे होऊन फुगतात आणि बारीक छिद्रे बुजवतात; त्यामुळे पाणी खाली झिरपत नाही. जे मीठ जोत्यापाशी शत्रू, तेच धाब्यावर मित्र. कोणती माती कोठे घालावी हे ज्यांना कळत होते, त्यांना निरक्षर म्हणता येईल, अज्ञानी म्हणता येणार नाही.

मजबुतीचा मोह

लोणा लागलेल्या भिंतीवर आजकाल सर्रास जो उपाय केला जातो, तो म्हणजे सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑईलपेंट. पोपडे खरवडून कडक सिमेंट थापले की दोन वर्षे समाधान वाटते. पण आतली ओल कोठे जाणार? समोरची वाट बंद झाली म्हणून ती आणखी वर चढते. जो डाग अडीच फुटांवर थांबत होता, तो चार-पाच फुटांवर सिमेंटच्या वरच्या कडेला उमटतो. भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची असेल तर गोष्ट अधिक गंभीर. बाहेर सिमेंटचे कवच आणि आत ओलीने भुसभुशीत झालेली माती, अशी स्थिती होते. बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत मग एखाद्या पावसाळ्यात कोसळते. खाली फरशा बसवल्या किंवा प्लास्टिक रंगाचे जाड थर दिले तरी परिणाम याच जातीचा होतो.

रक्षणासाठी दिलेला लेपच वैरी कसा होतो, याचा धडा कलेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्यापासूनही घ्यावा. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी तेथील चित्रांवर लाखेचे रोगण चढवले. हेतू चांगला होता. पुढे ते रोगण पिवळे-काळपट पडले, आकसले आणि त्याच्याबरोबर रंगाचे पापुद्रेही सुटू लागले. ते हळुवार काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला वर्षानुवर्षे खपावे लागले. तेथे प्रश्न लोण्याचा नव्हता. पण भिंतीवर काहीही चढवण्याआधी ती भिंत कशाची आहे आणि तिच्या आत काय चालले आहे, हे पाहावे, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

चुन्याचे शहाणपण

चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी घातले की तो खदखदून विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर दिला की हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. दगडापासून निघून दगडापाशी परत येणारा हा पदार्थ आहे. त्याचा थर कडक होतो, तरीही त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते. ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे बुरशीही सहजासहजी धरत नाही. जुन्या वाड्यांतील आणि मंदिरांतील चुनेगच्चीची कामे शतकानुशतके टिकली त्यामागे हेच कारण आहे. त्या काळी घाणीत चुना, वाळू आणि विटांची सुरखी दिवसेंदिवस मळत, घाई नव्हती.

अर्थात, चुना म्हणजे जादू नव्हे. तो मिठाला अडवत नाही, बाहेर येऊ देतो. म्हणून त्याचा हात वारंवार द्यावा लागतो. एकदाच खर्च करून पंधरा वर्षे निश्चिंत राहू, ही अपेक्षा खारपाणपट्ट्यात कोणत्याच रंगाने पुरी होणार नाही.

घरमालकाने काय करावे?

नवे घर बांधणाऱ्याने पहिले लक्ष जोत्याकडे द्यावे. जोते जमिनीपासून निदान दीड ते दोन फूट उंच असावे आणि त्याच्या आतली भरती काळ्या मातीची किंवा जुन्या पांढरीच्या मातीची न करता मुरुमाची करावी. जुन्या वाड्यांना काळ्या दगडाची जोती असत. तो घट्ट दगड ओल फारशी वर चढू देत नाही. आता ते परवडत नसेल तर जोत्याच्या माथ्यावर, भिंत उचलण्यापूर्वी, जलरोधक मिसळलेल्या काँक्रीटचा सुमारे दीड इंचाचा अखंड थर द्यावा. या एका थरावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात आणि नेमकी येथेच काटकसर केली जाते.

दुसरे लक्ष पाण्याकडे. गारा आणि काँक्रीट कालवायला शक्यतो गोडे पाणी वापरावे. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी मानकाची मर्यादा आहे. प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेण्याचा खर्च रंगाच्या एका डब्याहून मोठा नसतो. विटांचीही परीक्षा घरी करता येते. पसरट भांड्यात इंचभर पावसाचे पाणी घेऊन त्यात वीट उभी ठेवावी आणि पाणी सुकू द्यावे. विटेवर पांढरा थर फुलला तर ती मीठ घेऊनच आली आहे असे समजावे.

जुन्या घराला लोणा लागला असेल तर आधी ओलीची वाट शोधावी. न्हाणीचे पाणी भिंतीलगत जाते काय, नाली फुटली आहे काय, अंगणाचा उतार घराकडे आहे काय, पागोळ्यांचे पाणी जोत्यावर पडते काय, हे पाहावे. भिंतीलगत वर्षानुवर्षे मातीची भर पडून जोते बुजले असेल तर ती माती काढावी. यातले बरेचसे काम फावड्याने होते, पैशाने नव्हे.

मग भर उन्हाळ्यात भिंत कोरडी असताना लोणा कोरड्या कुंच्याने झाडावा. भिंत पाण्याने धुऊ नये, कारण विरघळलेले मीठ पुन्हा आत शिरते. झाडलेली भुकटी भिंतीच्या बुडाशी न सोडता भरून लांब टाकावी. सिमेंटचा गिलावा असेल तर डागाच्या वर फूटभरापर्यंत जपून काढावा आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवावी. मीठ फारच मुरले असेल तर कागदाचा लगदा किंवा गोडी चिकणमाती गोड्या पाण्यात भिजवून भिंतीला थापावी आणि वाळल्यावर काढून टाकावी. लगदा वाळताना आतले मीठ ओढून घेतो. असे दोन-तीनदा केल्याने पुष्कळ फरक पडतो.

त्यानंतर एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू, जमल्यास थोडी सुरखी, असा गिलावा करावा. वरून सफेदीसाठी चुना गोड्या पाण्यात विरवावा. किलोला साधारण पाच लिटर पाणी पुरते. तो निदान एक दिवस तसाच ठेवून, फडक्यातून गाळून, थोडा डिंक घालून वापरावा. भिंतीवर आधी हलके पाणी शिंपडून पातळ हात तीन-चार वेळा द्यावेत. एकच जाड हात दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. चुना विरवताना तो उसळतो, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत.

या कामाला काळही योग्य हवा. वैशाखाच्या उन्हात चुन्यातले पाणी क्षणात उडते, चुना हवेशी नीट मिळत नाही आणि हाताला लागत राहतो. पावसाळ्यानंतर, अश्विन-कार्तिकात, हवेत थोडा गारवा आणि थोडी ओल असते. चुना सावकाश आळतो आणि पक्का धरतो. दिवाळीच्या आधी सफेदी करण्याची आपली चाल शास्त्राला धरूनच आहे. वैशाखात खरवड आणि दिवाळीत सफेदी, एवढे वेळापत्रक पाळले तरी अर्धे काम झाले.

खेदाची गोष्ट इतकीच की चुन्याचे काम जाणणारे गवंडी दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. तरुण गवंड्याला सिमेंटची गोणी फोडणे ठाऊक आहे. चुना किती दिवस भिजवावा हे सांगणारी माणसे वयाने थकली आहेत. त्यांच्याबरोबर ही विद्याही जाईल. आपल्या महाविद्यालयात आजूबाजूच्या गावांतून मुले येतात. प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावातल्या एका वृद्ध गवंड्याला आणि धाब्याच्या घरात राहिलेल्या एका आजीला विचारून त्यांची रीत वहीत उतरवून आणली, तर खारपाणपट्ट्यातील गृहरक्षणाची एक चांगली टिपणवही तयार होईल. लोण्याने पडलेली भिंत पुन्हा उभी करता येते. विसरलेली रीत पुन्हा उभी करणे अवघड असते.